रिकाम्या हातानं

सरांच्या गळ्यात क्रूस नव्हता, किल्ली होती. होस्टेलच्या कोठीच्या कुलपाची. काळ्या दोऱ्यात ओवून सदऱ्याच्या आत सोडलेली. जेवायला वाकले की ती बाहेर यायची आणि थेट वरणात पडायची. सर ती उचलायचे, पँटला पुसायचे आणि पुन्हा आत टाकायचे. "दोरा आखूड करा ना सर," असं मी शंभरदा तरी म्हटलं असेल. "करू," म्हणायचे. बावीस वर्षांत केला नाही.

अकोल्यात मिशनचं मुलांचं होस्टेल होतं. सर तिथले सुपरिंटेंडेंट, मी स्वयंपाकीण. होस्टेल बंद झालं, सर रिटायर झाले, मीही घरी बसले, तरी हा माणूस काही माझ्या डोक्यावरून उतरला नाही. आता नागपूरला मुलीकडे असतात. गुडघे गेलेत म्हणतात. परवा चर्चच्या तरुण संघाच्या मुली आल्या आणि म्हणाल्या, "आजी, नाताळच्या अंकात सरांवर लिहा. चांगलं लिहा हं." चांगलं म्हणजे गोड. ते मला जमत नाही. जे पाहिलं ते लिहिते.

सरांचं एक वाक्य होतं. "पहिले बूड टेकव, मंग तोंड उघड." पोरांना म्हणायचे, दूधवाल्याला म्हणायचे, बिलाची चौकशी करायला आलेल्या माणसालाही म्हणायचे. एकदा आमच्या चर्चच्या मंडळीत नवे पाळक आले. तरणे होते, कपड्यांना कडक इस्त्री. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मला सांगू लागले की मुलांच्या जेवणात पालेभाजी वाढवा. मागून सर आले. "पाळकसाहेब, पहिले बूड टेकवा." पाळकांनी इकडंतिकडं पाहिलं. खुर्ची नव्हती, कांद्याचं पोतं होतं. बसले बिचारे. सरांनी त्यांच्या हातात मेथीची जुडी दिली. अर्धा तास पाळक मेथी निवडत होते आणि मला ती सगळी पुन्हा निवडावी लागली, कारण त्यांनी पानं टाकून काड्या ठेवल्या होत्या. ते गेल्यावर सर मला म्हणाले, "आता थे पालेभाजीवर जपून बोलतीन."

जेवणाआधीची त्यांची प्रार्थना एका ओळीची. "प्रभू, आमचं तोंड बंद ठेव आन कान उघडे ठेव. आमेन." तेवढं एक मला बरं वाटायचं. भात गरम राहायचा.

पण खरा ताप त्यांच्या नियमाचा. कोणाला काही द्यायचं असेल तर आधी त्याच्याकडून काही घ्यायचं. पैसा नाही, त्याला जे येतं ते. त्याच्याजवळ बसायचं, त्याच्याकडून शिकायचं, त्याच्या घरचं पाणी प्यायचं, मग द्यायचं. आणि पहिल्यांदा जायचं ते रिकाम्या हातानं. हे पवित्र शास्त्रात कुठं लिहिलंय, असं मी एकदा विचारलं. "शोधा," म्हणाले. मी शोधलं. सापडलं. तरी मला पटलं नाही.

पटणार कसं? त्या नियमापायी माझ्या स्वयंपाकघराचं छप्पर दोन वर्षं गळलं. मुंबईहून एक साहेब आले होते. गाडीत मुलांसाठी स्वेटर होते आणि स्वयंपाकघराला नवे पत्रे देतो असा शब्द दिला होता. सरांनी त्यांना सांगितलं, स्वेटर गाडीतच राहू द्या, आधी पोरांकडून काही शिका. पोरांनी साहेबांना गोट्या शिकवल्या. साहेब दुपारपर्यंत अंगणात उकिडवे बसून गोट्या खेळले. त्यात त्यांची पँट फाटली. स्वेटर ठेवून गेले, पत्र्यांचं नाव पुन्हा काढलं नाही. दोन पावसाळे मी चुलीवर छत्री बांधून भाकरी थापल्या. सर दारात येऊन वर पाहायचे आणि म्हणायचे, "पण साहेब नेम चांगला माराले शिकला."

रिटायर झाल्यावर या माणसानं तरुण संघाचा सेवा दौरा हाती घेतला. दिवाळीच्या सुट्टीत मंडळीतली बारा-तेरा पोरं-पोरी घेऊन अमरावतीला जायचं, तिथल्या चर्चच्या हॉलमध्ये राहायचं आणि बडनेरा रस्त्याकडच्या एका वस्तीत काम करायचं. स्वयंपाकाला आणि पोरींवर लक्ष ठेवायला मी. मला कोणी विचारलं नव्हतं. सरांनी यादीत नाव लिहून टाकलं होतं.

दिवाळीच्या आधीच्या त्या दिवसांत वस्तीत कोणाला मान वर करायला वेळ नसतो. कोणी पणत्या रंगवतंय, कोणी झेंडूचे हार ओवतंय. मी म्हटलं, दिवाळी झाल्यावर जाऊ, लोक मोकळे असतात. सर म्हणाले, "मोकळा माणूस काही शिकवत नाही, गोष्टी सांगते." मग जीन्स घातलेली आमची पोरं दारोदार जाऊन विचारणार, "आमाले काही शिकवता काय?" लोकांना वाटायचं, सर्वेवाले आले. एका बाईनं तर घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं आणून दाखवली.

मी सांगते त्या वर्षी, निघायच्या आधी कमिटीच्या सेक्रेटरींनी मला चर्चच्या मागं बोलावलं.

"मावशी, चार वर्षं झाली, दौऱ्याचा एक फोटो नाही," ते म्हणाले. "मंडळी ब्लँकेटं देते. ती कुठं जातात, कोणाले दिसत नाही. यंदा वाटपाचा फोटो नाही आला तर दौरा सरांकडून काढून घ्याचं ठरलं आहे. सरांना बोलू नका. तुम्हीच काहीतरी करा."

सरांची मला दया आली असं नाही. पण दौरा हातातून गेला की हा माणूस रोज सकाळी माझ्या अंगणात येऊन बसणार, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, आणते फोटो.

यंदा सेक्रेटरींनी प्रत्येक ब्लँकेटवर मंडळीच्या नावाचं स्टिकर लावून दिलं होतं. हॉलवर पोचलो, पाणीही प्यालो नव्हतो, आणि सरांनी पोरांना स्टिकर काढायला बसवलं. नुसतं नखांनी निघेना, म्हणून वर तेल चोळायचं. तेल माझं, भाजीचं.

"सर, कमिटीनं लावले आहेत ते," मी म्हटलं.

"पांघरणाऱ्यानं आपलं नाव कायले पांघरावं?" म्हणाले आणि स्वतःही एक खरडायला घेतलं.

सगळी ब्लँकेटं त्यांनी आतल्या खोलीत ठेवली आणि दाराला ते कोठीचं जुनं कुलूप लावलं. किल्ली सदऱ्याच्या आत. त्याआधीच मी एक स्टिकरवालं ब्लँकेट माझ्या वळकटीत सरकवलं होतं.

वस्तीत सरांनी प्रत्येकाला एक घर वाटून दिलं होतं. मला दिली फडे, म्हणजे शिंदीच्या केरसुण्या, बांधणारी एक बाई. माझ्याच वयाची, वाळकी, तोंडानं तिखट. भातकुलीकडून शिंदीची पानं यायची. ती सुकवून, चिरून ती फडे बांधायची आणि इतवारा बाजारात नेऊन विकायची. लक्ष्मीपूजनाला घरोघर नवा फडा लागतो, त्याला हळदकुंकू वाहतात, म्हणून तिची वर्षाची खरी विक्री त्या आठ दिवसांतली.

"मी जन्मभर फडा मारला," मी सरांना म्हटलं. "मला कोण शिकवणार?"

"मारला. बांधला नाही," सर म्हणाले.

पहिल्या दिवशी मी गेलेच नाही. हॉलवर वांगी चिरत बसले.

दुसऱ्या दिवशी सर पलीकडच्या गल्लीत आहेत हे पाहून मी ब्लँकेट पदराखाली घेतलं आणि निघाले. फोटो काढायला संघातली एक चष्मेवाली पोरगी घेतली. ती वाटभर कुरकुरत होती. "आजी, सर काय म्हणतीन?" मी म्हटलं, सरांचं मी पाहून घेते.

बाई अंगणात पानं चिरत बसली होती. बांधलेल्या फड्यांचा ढीग भिंतीशी रचलेला. मी ब्लँकेट उलगडलं, तिच्या खांद्यांवर टाकलं, स्टिकरवालं टोक हातात धरलं आणि तिच्या शेजारी उभी राहिले. तिला काय चाललंय ते कळेना.

"आजी, स्टिकर नाही येत," पोरगी म्हणाली. "थोडं मागं."

मी मागं सरले.

"अजून थोडं."

अजून सरले. पायाखाली काहीतरी करकरलं. मी नव्या फड्यांच्या ढिगावर उभी होते, दोन्ही पायांनी, चपलांसकट.

फड्याला पाय लावत नाहीत हे मला माहीत नव्हतं असं नाही. आम्ही त्याची पूजा करत नाही, पण जन्म इथंच गेला. आमच्या घरातही फड्याला पाय लागला तर जीभ चावतो. पण माझं सगळं लक्ष स्टिकरकडं.

बाई उठली. "लक्ष्मी होय थे," म्हणाली. "कोण घेईन आता हे?" खांद्यावरचं ब्लँकेट ओढून तिनं माझ्या तोंडावर फेकलं. "आन हे कायले? म्या मांगितलं काय? माह्या पोटावर चपला घालून उभी राह्यते आन वरून मले पांघरून देते. कोण व्हय वो तू?"

ब्लँकेट उडालं तेव्हाच पोरीनं घाबरून फोनवर बोट दाबलं होतं; आता ती पळाली.

दुपारपर्यंत एकेक पोरगं हॉलवर परत आलं. हारवाल्या बाईनं सांगितलं होतं, फड्यावर उभं राहणाऱ्यांची पोरं आमच्या दारात नकोत. पणत्यावाल्यांनी दार लोटून घेतलं होतं. बारा पोरं भिंतीला टेकून बसली. ब्लँकेटं कुलपात. ती परत अकोल्याला न्यावी लागली तर कमिटीला फोटोचंही निमित्त लागलं नसतं. दौरा गेलाच होता, आणि तो मी घालवला होता.

सर जेवायला बसले. मी वाढता वाढता सगळं सांगून टाकलं. फोटोचं, सेक्रेटरींचं, दौरा काढून घेणार असल्याचं. सर ऐकत होते. किल्ली वरणात पडली. काढली, पुसली.

"मीठ कमी हाये," म्हणाले.

मला वाटलं, यापेक्षा माणसानं ओरडावं. निदान आपल्यालाही ओरडता येतं. हात धुताना म्हणाले, "उद्या रिकाम्या हातानं जाजा."

"ती अंगणात पाय ठेवू देणार नाही."

"मंग अंगणाबाहेर बसजा. बूड कुठंही टेकते."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चपला हॉलवरच ठेवल्या आणि गेले. अंगणाच्या बाहेर, नालीच्या कडेला बसले. तासभर तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. येणारी-जाणारी माणसं मात्र थांबून पाहत होती. कालची होय वो, म्हणत होती. ऊन डोक्यावर यायला लागलं तसा मला सरांचा असा राग आला की काय सांगू. तो माणूस तिकडं हॉलमध्ये सतरंजीवर लोळत असेल, असं मनात आलं.

शेवटी ती म्हणाली, "आज काय आणलं?"

मी दोन्ही हात दाखवले. "काई नाई."

"मंग कायले आली?"

"फडा बांधाचा शिकव म्हणते."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "कितवी शिकली तू?"

"चवथी."

"मी शाळेत गेलीच नाई," ती म्हणाली. "ये. ज्याईच्यावर उभी राह्यली थे सोड पहिले."

चपटे झालेले सगळे फडे मी सोडले. मोडकी पानं वेगळी, चांगली वेगळी. मग बांधणी. पानांची जुडी मांडीवर धरायची, दोरीचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं आणि जुडी फिरवत फिरवत दोरी आवळायची. ती बोलता बोलता एक बांधून बाजूला ठेवायची. माझी जुडी फिरायची, दोरी जागेवरच. नाहीतर दोरी आवळली की पानं वरून निसटायची. शिंदीचं पान ब्लेडसारखं कापतं. संध्याकाळी मला कणीक मळता आली नाही, पोरींनी मळली.

"तुह्या हाताले भाकरीचं वळण हाये," ती म्हणाली. "हे भाकर नोहे. दाब नोको, ओढ."

चौथ्या दिवशीही गेले. पाहणाऱ्या बायका आता जवळ येऊन उभ्या राहिल्या. हारवालीनं विचारलं, "शिकली काय वो हे?"

"आमी दोघी मेल्यावर शिकन," बाई म्हणाली. सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही, पण कोणी मला उठवलंही नाही. थोड्या वेळानं हारवालीच माझ्याजवळ वाकून म्हणाली, "तुमचे थे पोट्टे कुठीसा हायेत? माहा झेंडू पडून राहिला."

मी हॉलवर निरोप पाठवला. पोरं धावत आली. सरही आले आणि पणत्या रंगवायला बसले. घंट्याभरात त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पणत्यांपेक्षा जास्त रंग होता.

निघायच्या दिवशी सरांनी कुलूप उघडलं. जे पोरगं ज्याच्याकडं शिकलं, त्यानं त्याच्याकडं ब्लँकेट न्यायचं. मीही एक नेलं, बिनस्टिकरचं, तेलाचा डाग पडलेलं. बाईनं ते दोन बोटांत धरून चोळून पाहिलं.

"पातळ हाये," म्हणाली.

"कमिटीनं घेतलं," मी म्हटलं.

"तवाच." पण घडी करून आत ठेवलं. बाहेर येताना एक फडा घेऊन आली. माझाच होता, वाकडा. "हा काही इकत नाई. घेऊन जाय."

अकोल्यात रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली. त्या चष्मेवाल्या पोरीनं घाबरून तो फोटो काढला तो काढला, वर चुकून संघाच्या व्हॉट्सॲपवर टाकला होता. सगळ्या मंडळीनं पाहिला होता. ब्लँकेट हवेत, बाईचं तोंड उघडं, माझंही उघडं, माझ्या चपला फड्यांवर. स्टिकर मात्र स्पष्ट आलं होतं.

सेक्रेटरींनी फोन माझ्यापुढं धरला. "मावशी, हे वाटप?"

"एक फोटो मागितला होता. आणला," मी म्हटलं. मग उभी राहून सांगितलं की यात सरांचा दोष नाही, मी त्यांचा नियम मोडला म्हणून असं झालं आणि पाळला म्हणून निस्तरलं.

कमिटीतले एक पंच म्हणाले, "म्हणजे तुम्ही दोन दिवस लक्ष्मीपूजनाचे फडे बांधले?"

"ज्याला पुजायचं तो पुजतो, ज्याला झाडायचं तो झाडतो," मी म्हटलं. "तुमच्या घरी काय करतात ते मला माहीत नाही."

निर्णय मात्र बदलला नाही. दौरा एका शिकलेल्या तरण्या मुलाकडं दिला. सरांच्या इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल शाल द्यायची ठरली. पुढच्या रविवारी पाळकांनी ती सरांच्या खांद्यावर घातली. सरांनी तिचं टोक दोन बोटांत धरलं, चोळलं आणि म्हणाले, "पातळ हाये." अख्ख्या चर्चमध्ये मी एकटीच हसले.

मला दिसत होतं तसंच झालं. वर्षभर हा माणूस रोज सकाळी माझ्या अंगणात. चहा घेणार, मीठ कमी आहे ते सांगणार, माझ्या सुनेला बूड टेकवायला लावणार. दिवाळीच्या आधी मंडळीची पोरं बॅनर लावलेल्या मिनीबसमध्ये बसून दुसऱ्या गावाला गेली. त्याच दिवशी सर पिशवी घेऊन आले आणि म्हणाले, "चाला."

"कुठं?"

"अमरावतीले."

मी बडबड केली, पण गेले. एवढ्या वयाचा माणूस एकटा कसा सोडायचा. मूर्तिजापूरला एसटी थांबली तर सर चहावाल्याजवळ जाऊन बसले आणि त्याच्याकडून चहा कसा उकळायचा ते शिकू लागले. कंडक्टरनं तीनदा घंटी मारली, शेवटी मी उतरून हाताला धरून आणलं.

अमरावतीच्या स्टँडवर माझ्या पिशवीकडं पाहून म्हणाले, "काय हाये त्यात?"

"लुगडं," मी म्हटलं. लुगड्याच्या खाली शंकरपाळ्यांचा डबा होता.

बाई अंगणात तशीच बसली होती. ढीग भिंतीशी तसाच रचलेला. चपला मी बाहेरच काढल्या. तिनं मान वर केली.

"मागच्या वर्षीचा सुटला की नाई?"

"आठ दिवसांत सुटला."

"मंग बस."

बसले. डबा पिशवीतच राहू दिला. पहिला फडा मी तीनदा सोडला, चौथ्यांदा बांधला. तिनं तो हातात घेऊन ओढून पाहिला. दोरी सरकली नाही. तिनं तो विकायच्या ढिगावर ठेवला. मग मी पिशवीतून डबा काढला आणि तिच्यापुढं उघडला.

सरांनी डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि हात पुढं केला.

"तुम्ही रिकाम्या हातानं आले ना सर?" मी म्हटलं. "मंग पहिले एक फडा बांधा."

बाईनं त्यांच्याकडं पानांची एक जुडी सरकवली. सरांनी बूट काढले, मांडी घातली, दोरी अंगठ्याला अडकवली आणि खाली वाकले. मी शंकरपाळी खात पाहत होते. जुडी चांगली फिरत होती. पाच-सात वेढे झाले आणि सरांना मान वर करता येईना. किल्ली सदऱ्यातून बाहेर लोंबली होती आणि तिच्यासकट काळा दोरा फड्यात बांधला गेला होता.

"हलू नोको बाप्पा," बाई म्हणाली. तिनं पानं चिरायच्या सुरीनं दोरा कापला, फडा सोडवला, किल्ली काढली. मग कापलेला तुकडा फेकून दिला, उरलेल्या दोऱ्यात किल्ली ओवली, सरांच्या गळ्याशी धरून माप घेतलं आणि आखूड करून गाठ मारून दिली.

सरांनी तिला पाणी मागितलं. माझ्याकडं पाहिलं नाही.